राजाची रजा

माझा घोटा एका बेदाण्यावरून घसरून मोडला. हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"केळीच्या सालीवरून?" त्यांनी विचारलं.

"नाही. बेदाण्यावरून."

"म्हणजे बेदाण्याच्या ढिगावरून."

"एकाच. फार तर दोन असतील."

डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. तासगावजवळ आमचं बेदाण्याचं शेड आहे, आणि मी तिथं त्याचा डबा घेऊन गेले होते. नवरा कमी बोलतो, पण धंद्याचा विषय निघाला की त्याला राहवत नाही. तो म्हणाला, "लांब मण्याचा होता. हिरवा. चांगला माल होता." डॉक्टरांनी कागदावर नुसतं 'पडल्या' असं लिहिलं आणि गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. दीड महिना पाय जमिनीला लावायचा नाही, असं बजावून सांगितलं.

बेदाण्याचा हंगाम ऐन भरात होता. नवरा पहाटे शेडवर जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मला पाणी कोण देणार, या प्रश्नात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून ताईचा फोन आला. "तिला हिकडं आणून टाका," एवढंच ती म्हणाली. मी साताऱ्याला जाऊन पडले.

ताईचं घर गोडोलीच्या बाजूला आहे. त्या गल्लीत कुठल्याही दाराची कडी वाजवा, बाहेर येणारा माणूस बहुतेक फौजेतून निवृत्त झालेला असतो. आमचे दाजी पायदळातून सुभेदार होऊन निवृत्त झाले. घरी येऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण घराला अजून ते पोस्टच समजतात. सकाळी साडेपाचला ते माझ्या कॉटजवळ चहाचा कप घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "रात्रीचा रिपोर्ट?"

मी म्हणायचे, "दाजी, झोप लागली. पाय ठणकला नाही."

"ठीक." मग ते कप ठेवून जायचे.

चारेक दिवसांनी त्यांनी मला छताकडं बघत पडलेली पाहिलं. मोबाईल बघून बघून डोळे दुखायला लागले होते, म्हणून मी पंखा बघत होते. दाजी दारात थांबले.

"रिकामा माणूस आणि रिकामी बंदूक," ते म्हणाले, "दोन्हीला गंज चढतो."

ते आत गेले. लोखंडी ट्रंक ओढल्याचा आवाज आला. परत आले ते हातात पत्त्यांचा कॅट घेऊन. पत्ते वापरून वापरून इतके फुगले होते की कॅट विटेएवढा झाला होता, आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. नातवाचं अभ्यासाचं घडीचं टेबल माझ्या मांडीवरून कॉटवर मांडलं गेलं.

"पेशन्स येतो?" दाजींनी विचारलं.

"नाही. झब्बू येतो. बदाम सात येतं."

"ती चार माणसांची कामं. ही एकट्याची."

हा डाव ते बर्फातल्या एका पोस्टवर शिकले होते. तिथं ते आणि एक वायरलेसवाला असे दोघंच महिनोन् महिने अडकले होते. वायरलेसवाला दक्षिणेकडचा. "दोघंच होता तर रमी खेळायची," मी म्हणाले. दाजी म्हणाले, "रमीत भांडावं लागतं. आमची भांडायची भाषा एक नव्हती." म्हणून वायरलेसवाल्यानं त्यांना एकट्यानं खेळायचा डाव शिकवला आणि दोघं मिळून तो खेळत बसले.

दाजींनी पत्ते पिसले आणि टेबलावर उलगडून मांडायला सुरुवात केली. वर एक पत्ता. त्याच्या खाली, त्याला अर्धवट झाकणारे दोन. त्याखाली तीन. असं करत सातव्या ओळीत सात. बाकीचे पत्ते त्यांनी उपडे करून बाजूला ठेवले.

"हा डोंगर. ही आमची पोस्ट. समद्यांना रजेवर घरी पाठवायचं. पण एकट्याला सोडायचं न्हाई. दोघांची बेरीज चौदा झाली तर दोघांची रजा मंजूर. दश्शी आणि चव्वी. नव्वी आणि पंजी. गुलाम अकरा, त्याच्याबरोबर तिर्री. राणी बारा, तिच्याबरोबर दुर्री. राजा तेरा, त्याच्याबरोबर एक्का."

"आणि सत्ती?"

"सत्तीला सत्तीच. गाववाला गाववाल्याबरोबर."

मी लगेच वरच्या ओळीतली अठ्ठी उचलायला हात घातला, कारण खाली छक्की मोकळी दिसत होती. दाजींनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

"तिच्या अंगावर दोघं झोपल्यात. ती उठणार कशी? आधी तळाचे उठवा."

"आणि सगळे रजेवर गेले तर पोस्टवर शत्रू येईल की."

दाजींनी या शंकेचा नीट विचार केला. "येणार न्हाई," ते म्हणाले. "बर्फ हाय. शत्रूपण रजेवर असतो."

अशी मी शिकले. जोडी मोकळी नसली की बाजूच्या गठ्ठ्यातून एकेक पत्ता उघडायचा, तो डोंगरावरच्या कुणाबरोबर जातो का बघायचं. गठ्ठा संपला आणि डोंगर शिल्लक राहिला की डाव बसला. माझा डाव बसायचाच. दाजी शेजारी खुर्चीवर ताठ बसून बघायचे आणि डाव बसला की, "आज हवामान खराब," असं म्हणून पत्ते गोळा करायचे. एकदा दुपारी माझा अख्खा डोंगर मोकळा झाला. मी आनंदानं त्यांच्याकडं पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरला होता. "आता पोस्टवर कुणीच न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांनी घाईनं नवा डाव लावला.

अडचण एकच होती. पंखा लावता येत नव्हता. फुगलेले पत्ते वाऱ्याला जास्तच उडायचे. एप्रिलच्या दुपारी मी प्लास्टरसकट घामानं निथळत बसायचे. ताई दारातून डोकावून, "दोघं भाजून निघाल गं," एवढं म्हणून जायची.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. आधी शेजारचे हवालदार आले. ते तोफखान्यात होते. दाजींकडचं वर्तमानपत्र वाचायला ते रोज यायचेच, आता वर्तमानपत्र हातात धरून माझ्या पत्त्यांकडं बघत उभे राहू लागले. मग त्यांच्या बायको आल्या. मग माझ्या पायाची चौकशी करायला म्हणून येणारे वाढले. "पाय कसा हाय?" असं ते विचारायचे, पण विचारताना नजर टेबलावर असायची, आणि माझं उत्तर कुणीच ऐकत नसे. दुपारी चारच्या सुमाराला खोलीत आठदहा माणसं बसलेली असायची.

दाजींनी शिस्त घालून दिली. हा एकट्याचा डाव आहे, तेव्हा कुणी बोलायचं नाही. लोकांनी ते मानलं आणि खोकायला सुरुवात केली. माझ्या हातात गठ्ठ्यातली नव्वी आली आणि डोंगराच्या तळाला पंजी मोकळी असली की हवालदार एकदा खोकायचे. मला तरी दिसली नाही तर दोनदा. त्यांच्या बायकोचा खोकला वेगळा होता, तो 'ते काढू नको' असा होता. एके दिवशी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना खराखुरा ठसका लागला आणि मी गोंधळून चुकीची दश्शी उचलली. नंतर दोन दिवस ते आले नाहीत. वाईट वाटलं असावं.

भांडण झालं ते राजावरून. तळाच्या ओळीत किलवर राजा मोकळा पडला होता. एक्का कुठंच दिसत नव्हता, म्हणून मी त्याला तसाच ठेवून पुढं गेले. हवालदार खोकले. मी परत पाहिलं. ते आणखी खोकले. शेवटी त्यांना सहन झालं नाही.

"राजा काढा की."

"एक्का नाही आला," मी म्हणाले.

"एक्का कशाला पायजे? राजाला जोडी लागत न्हाई. राजा एकटा जातो. तेराचा डाव हाय ह्यो."

दाजी खुर्चीवरून उठले. "चौदाचा हाय."

"साहेब, तेराचा. आमच्या युनिटमधी समदे तेराचाच लावायचे. राणी आणि एक्का, गुलाम आणि दुर्री. राजा स्वतःच तेरा. त्याचा तो पूर्ण."

"फौजेत कुणी एकटं जात न्हाई, हवालदार. जोडीदार असतोच."

"सीओसाहेब जीपमधनं एकटेच जायचे."

"आणि ड्रायव्हर?"

"ड्रायव्हर धरत न्हाईत."

हवालदार नोकरीभर ड्रायव्हर होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडं पाहिलं. हवालदार भिंतीकडं बघत उभे राहिले. दाजींच्या तोंडून त्या वेळी काही बरं निघालं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण दाजी म्हणाले, "तोफखाना लांबनं मारतो. कोण कुणाबरोबर गेलं ते तुमाला तिथनं दिसत न्हाई."

हवालदार वर्तमानपत्राची घडी घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. वर्तमानपत्र मात्र बंद करता येत नव्हतं, कारण ते दोघांनी निम्मं निम्मं लावलेलं होतं. दाजी आपलं वाचून झालं की ते माझ्या कॉटच्या खिडकीत ठेवायचे. हवालदार बाहेरून यायचे, खिडकीतून ते उचलायचे, आणि मला म्हणायचे, "सांगा त्यांना, मोबाईलवर बघा म्हणावं. तिथंपण तेराच हाय." मी मोबाईलवर बघितलं. तिथं खरंच तेरा होतं. राजा एकटा जात होता. मी भीत भीत दाजींना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"मोबाईल कधी बर्फात ऱ्हायलाय?" त्यांनी विचारलं.

गल्लीत दोन तट पडले. चौदावाले आमच्या ओट्यावर बसायचे, तेरावाले हवालदारांच्या. शेवटी गल्लीतल्या जुन्या लोकांनी ठरवलं की रविवारी एकदाच निकाल लावून टाकू. दोन टेबलं, दोन कॅट. एकावर तेराचा डाव, एकावर चौदाचा. जो आधी सुटेल तो खरा. प्रश्न होता, खेळणार कोण. दाजी खेळले तर हवालदारांना मान्य नव्हतं, हवालदार खेळले तर दाजींना. तटस्थ माणूस हवा होता. पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळं मी तटस्थ आहे, असं सगळ्यांचं एकमतानं ठरलं. दोन्ही डाव मीच खेळायचे होते. एक पत्ता ह्या टेबलावर, एक त्या.

"म्हंजे ही स्वतःच्याच विरुद्ध खेळणार?" ताईनं विचारलं.

"नियमाप्रमाणं," दाजी म्हणाले.

रविवारी मंडळाच्या मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. माझी कॉट सरकवून खोलीच्या मध्यावर आणली. डावीकडं दाजींचा विटेसारखा कॅट, उजवीकडं हवालदारांनी कॅन्टीनमधून आणलेला नवा कोरा, तो इतका गुळगुळीत होता की बोटांतून निसटायचा. नेमका त्याच दिवशी माझा नवरा बेदाण्याचा बॉक्स घेऊन मला भेटायला आला. दारात चपलांचा ढीग बघून त्याच्या मनात भलतंच आलं आणि तो घाबरून आत शिरला. मी कॉटवर बसलेली दिसल्यावर त्यानं बॉक्स खाली ठेवला.

"काय चाललंय?"

शेजारच्या माणसानं त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यानं ते ऐकून घेतलं.

"हा डाव एकट्यानं खेळायचा ना?" त्यानं विचारलं. सगळ्यांनी त्याला गप्प बसायची खूण केली.

मी खेळायला लागले. डावीकडं सत्ती सत्तीबरोबर गेली, तेव्हा चौदावाल्यांनी मान हलवली. उजवीकडं सुरुवातीलाच राजा एकटा उचलला, तेव्हा हवालदारांनी मांडीवर हळूच थाप मारली. मला स्वतःला काय व्हावं असं वाटत होतं ते कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण मला डावीकडं खेळताना उजवीकडच्या बाईचा राग यायचा आणि उजवीकडं खेळताना डावीकडच्या. डावीकडची सावकाश खेळते, असं मला एकदा खरोखर वाटून गेलं.

तासाभरात दोन्ही डाव बसले. डावीकडं तीन ओळी शिल्लक होत्या. उजवीकडंही तीन ओळी. कुणी म्हणालं, पत्ते मोजा. मोजले तर तेही सारखेच. घामानं सगळ्यांचे शर्ट अंगाला चिकटलेले होते. आता पुन्हा पहिल्यापासून, असं दाजी म्हणणार तेवढ्यात ताई आत आली. तिच्या हाताला लसणाच्या साली चिकटलेल्या होत्या. ती या सगळ्या दिवसांत खोलीत कधी बसली नव्हती.

"आवं, मला एक सांगा," ती दाजींना म्हणाली. "तुमच्या चौदात राजा कुणाबरोबर जातो?"

"एक्क्याबरोबर."

"आणि राणी?"

"दुर्रीबरोबर."

"हवालदार, तुमच्या तेरात?"

"राजा एकटा, वहिनी. राणी एक्क्याबरोबर."

"म्हंजे राजा आणि राणी एकत्र कुठल्याच डावात सुटत न्हाईत."

"न्हाई," दाजी आणि हवालदार एकदमच म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचं एकमत झालं होतं.

"मग ह्यात नवीन काय हाय? त्ये मी बघितलंय की," ताई म्हणाली.

ती रागावून बोलली नव्हती. पावसाचं पाणी गळतंय, बादली लावा, असं सांगावं तशी बोलली. पण त्या खोलीतली निम्मी माणसं फौजेतली होती आणि निम्म्या त्यांच्या बायका. दाजींच्या सगळ्या नोकरीत ताई याच गल्लीत राहिली. पोरांच्या शाळा, सासूबाईंचं दुखणं, घराचा स्लॅब, सगळं तिनं एकटीनं केलं. दाजी वर्षातून दोनदा ट्रंक घेऊन यायचे, ट्रंक घेऊन जायचे. त्याबद्दल ती कधी काही बोलल्याचं मला आठवत नाही. मीही तिला कधी विचारलं नव्हतं.

"तेरा आणि बारा किती हुतात?" तिनं विचारलं.

शेवटी माझा नवरा म्हणाला, "पंचवीस."

"मग पंचवीसचा लावा."

दाजींनी घसा साफ केला. "पंचवीसमधी राजा-राणी सोडून कुणीच सुटत न्हाई. बाकीचे समदे पोस्टवर अडकून पडतील."

"पडू देत. ड्युटी करू देत. एक जोडी सुटली तरी डाव निघाला म्हणायचा."

हवालदारांच्या बायको पदरानं वारा घेत म्हणाल्या, "लावा की ओ. बघू तरी."

दाजींनी आपला फुगीर कॅट स्वतः पिसला. इतका वेळ ते पिसत राहिले की मला वाटलं मांडणारच नाहीत. मग मांडला. मी गठ्ठ्यातून एकेक पत्ता उघडत गेले. काहीच नाही. डाव बसला. पुन्हा मांडला. पुन्हा बसला. पंचवीसचा डाव हा जगातला सगळ्यात रटाळ डाव आहे, हे मला तिसऱ्या वेळेला कळलं, कारण हाताला कामच नसतं, नुसतं पत्ते उघडून टाकायचे आणि वाट बघायची. पण खोलीतून कुणी उठलं नाही. आता कुणी खोकतही नव्हतं.

कितव्या तरी डावात तळाच्या ओळीत बदाम राजा आला. मी गठ्ठा उघडायला लागले. छक्की. दश्शी. पुन्हा छक्की. गठ्ठा संपत आला आणि इस्पिक राणी निघाली.

"रंग जुळत न्हाई," हवालदार म्हणाले.

"कुणाचा जुळतोय?" त्यांच्या बायको म्हणाल्या.

मी ते दोन पत्ते उचलून दाजींच्या हातात दिले. "रजा मंजूर," असं ते म्हणाले, पण नेहमीसारख्या आवाजात नाही. ताई कुकर लावायला आत निघून गेली होती. कुणीतरी पंखा लावला. दोन्ही टेबलांवरचे पत्ते खोलीभर उडाले आणि लोक हसत हसत कॉटखाली वाकून ते गोळा करू लागले.

त्यानंतरच्या बुधवारी ताई आणि दाजी कासला गेले. दाजींनी विचारलं होतं, कुठं जायचं, आणि ताई म्हणाली होती, कासला, फुलं बघायला. एप्रिलमध्ये कासला फुलं नसतात, नुसता काळा कातळ असतो, हे दाजींनी तिला सांगून बघितलं. "आसू दे," ती म्हणाली. सकाळी एसटीनं दोघं गेले, बरोबर धपाटी घेतली. मला हवालदार आणि त्यांच्या बायकोच्या ताब्यात दिलं. दिवसभर हवालदार माझ्या शेजारी दाजींच्या खुर्चीवर दाजींसारखेच ताठ बसले होते. संध्याकाळी दोघं परत आली तेव्हा ताईचं नाक उन्हानं लाल झालं होतं.

"काय बघितलं?" मी विचारलं.

"काय न्हाई," ती म्हणाली. "लय चांगलं हाय. अजाबात गर्दी न्हाई."

दाजी म्हणाले, "चार तास कातळावर बसलो. ही सारखी इकडं कुठलं फूल येतं, तिकडं कुठलं येतं, ते विचारत होती. मला ठाऊक नव्हतं. मी सांगत गेलो."

प्लास्टर निघालं तेव्हा मे उजाडला होता. पाय पांढरा आणि बारीक झालेला, दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. नवरा गाडी घेऊन न्यायला आला. निघताना दाजींनी मला वायरलेसवाल्याच्या डोंगराचा कॅट दिला नाही, तो ट्रंकेतच राहिला. हवालदारांचा गुळगुळीत कॅट मात्र मला मिळाला. "तेराचाच लावायचा," असं त्यांनी सांगितलं. दाजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गाडीत नवऱ्यानं विचारलं, दीड महिना नेमकं काय केलंस. मी पहिल्यापासून सांगायला लागले. उंब्रजपर्यंत डोंगर मांडून झाला, कराड गेल्यावर अंगावर झोपलेले पत्ते आले. तो मान हलवत गाडी चालवत होता. पेठ नाक्याला चहाला थांबलो तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सत्ती सत्तीबरोबरच?"

"चौदाचा असेल तर."

"आणि तेराचा असेल तर?"

"छक्कीबरोबर."

त्यानं कप खाली ठेवला. "मला शिकव," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यानं मला काही शिकव म्हणून म्हटल्याचं मला आठवत नाही. बेदाण्याची प्रत कशी ओळखायची हे त्यानंच मला शिकवलं होतं, आणि ते मला अजून येत नाही.

सांगलीत पोचलो तर आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. दुरुस्तीवाला निघालाय, असं वॉचमन म्हणाला. मी म्हणाले, चढू हळूहळू. पहिल्या मजल्यापर्यंत चढले आणि घोटा कापायला लागला. पुढच्या पायऱ्यांवर बसले. नवरा खालच्या पायरीवर बसला. बराच वेळ कुणीच आलं नाही, दुरुस्तीवालाही नाही.

"पत्ते कुठायत?" त्यानं विचारलं.

पिशवीतच होते. मांडायला सपाट जागा नव्हती, म्हणून आम्ही पायऱ्यांवरच मांडले. सगळ्यात वरच्या पायरीवर एक पत्ता, तिच्या खालच्या पायरीवर दोन, मग तीन. सातव्या पायरीवर सात. दाजींच्या टेबलावर कधीच नव्हता असा, खराखुरा डोंगर झाला. मी मधे बसून सांगत होते आणि नवरा चढउतार करून पत्ते उचलत होता. तेराचा की चौदाचा, हे ठरवायचं राहूनच गेलं, त्यामुळं तो दोन्हीही उचलत होता आणि मी त्याला अडवलं नाही.

पहिल्या मजल्यावरच्या बाई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या. त्यांना वर गच्चीत जायचं होतं की खाली, ते कळलं नाही, कारण त्या थांबल्याच. त्यांनी माझ्या पायाची चौकशी केली. मग विचारलं, "हे काय आहे?" नवऱ्यानं त्यांना सांगायला सुरुवात केली. तो इतका बोलतो हे मला ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं बाईंनी बादली बाजूला ठेवली.

लिफ्ट सुरू झाल्याचं वॉचमननं खालून ओरडून सांगितलं तेव्हा डाव अर्ध्यावर होता. मी दमले होते. बाई म्हणाल्या, "तुम्ही जा वर, आडवं व्हा. मी बघते." आम्ही वर गेलो.

सकाळी तासगावला निघताना नवऱ्यानं खालून फोन केला. पायऱ्या झाडून झाल्या होत्या आणि पत्ते रबर लावून मीटरच्या पेटीवर ठेवलेले होते.

"डाव सुटला होता का?" मी विचारलं.

"विचारायचं राहिलं," तो म्हणाला. "त्यांचं दार बंद आहे. संध्याकाळी येताना विचारतो."